एम. एकोजी नावाचे दोघे

मंगळवारी सकाळी चेन्नईतल्या मैलापुरात, आमच्या घरी, दोन माणसं आली. एक पुरुष, एक बाई. दार मी उघडलं. लेफ्टनंट एम. एकोजी युद्धात मारले गेले, असं त्यांनी मला सांगितलं.

एम. एकोजी हे माझं नाव आहे.

मी त्यांना आत बसवलं आणि त्या गृहस्थांना म्हणालो, "तुमची चूक होते आहे. एम. एकोजी मीच. मी सैन्यात कधी नव्हतो. वर्तमानपत्रात होतो."

त्यांनी हातातले कागद पाहिले. मृताचं नाव, एम. एकोजी. कळवायचं कोणाला, वडील, एम. एकोजी. गाडीत येताना त्यांना वाटलं होतं की टायपिस्टनं एकच ओळ दोनदा मारली असावी. तसं ते नंतर मला म्हणालेही. त्यांच्याबरोबरच्या बाई त्यांच्या देशाच्या वकिलातीतल्या होत्या. बाईंनी ते कागद त्या गृहस्थांच्या हातातून घेऊन मिटले आणि मला विचारलं, "तुम्हाला मुलगा आहे का?"

स्वयंपाकघरातून कमला, माझी बायको, म्हणाली, "कोण आले हो? कॉफीत साखर घालू का नको, विचारा त्यांस."

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे नोकरीतले गमतीदार अनुभव मागितले आहेत. मृत्यूच्या जाहिराती घेण्याच्या नोकरीत गमती पुष्कळ असतात, असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं दिसतं. ते खरं आहे. पण वरचा प्रसंग बाजूला ठेवून मला त्यातली एकही सांगता येत नाही. जी चूक होऊ नये म्हणून मला आयुष्यभर पगार मिळाला, ती माझ्या घरी चालत आली, आणि तपासून पाहिली तर ती चूक नव्हती.

काम साधं होतं. अण्णा सालैवर, ज्याला माझ्या वयाचे लोक अजून माउंट रोडच म्हणतात, एका तमिळ वर्तमानपत्राच्या कचेरीत तळमजल्यावर जाहिरातींचा काउंटर होता. घर भाड्यानं देणे, स्कूटर विकणे, वधू पाहिजे, हे सगळं डावीकडे. मी उजवीकडे. माझ्या खिडकीशी येणाऱ्याच्या घरी मृत्यू झालेला असे. त्याच्याकडून मजकूर आणि फोटो घ्यायचा, डॉक्टरचा दाखला किंवा स्मशानाची पावती बघायची, मजकुराला वाक्याचं रूप द्यायचं आणि संध्याकाळच्या आत वर पाठवायचं. रडणाऱ्यांना पाणी द्यायचं, भांडणाऱ्यांना बाहेरच्या बाकावर बसवायचं. भांडणारे जास्त असत. शोकाकुल म्हणून कोणाचं नाव आधी, मोठ्या जावयाचं की धाकट्या मुलाचं, यावर सख्खी माणसं एकमेकांची तोंडं पाहीनाशी झालेली मी पाहिली आहेत.

दाखला कशाला बघायचा, असं लोक रागानं विचारत. माझ्या आधीच्या काळात एका जावयानं सासऱ्याची जाहिरात दिली होती. सासरा जिवंत होता. दुसऱ्या दिवशी तो स्वतः खिडकीशी आला. आपण हयात आहोत अशी तेवढ्याच आकाराची जाहिरात त्याला हवी होती. मात्र फोटो बदला, म्हणाला, जावयानं मुद्दाम वाईट दिला आहे.

मला हे काम शिकवलं सारथी सारांनी. ते आमचे मुख्य; सार म्हणजे तुमचं सर. कपाळावर उभं नाम, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि मृत्यूबद्दल संपूर्ण बेफिकिरी. एका कंत्राटदाराच्या निधनाच्या दोन जाहिराती एकाच दुपारी आल्या. फोटो एक, दाखला एक, पत्नी वेगवेगळ्या. मी गोंधळून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दोन्ही वाचल्या.

"दोन्ही घ्या," ते म्हणाले. "एक तिसऱ्या पानावर लावा, एक अकराव्या."

"सार, पण पत्नी?"

"पत्नी खरी की खोटी हे कोर्ट बघेल. आपण एवढंच बघायचं की दोघी एका पानावर येऊ नयेत. आता तरी शांतपणे पडू द्या त्याला."

त्यांचा एकच नियम होता आणि तो त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला. "एकोजी, नाव चुकलं तर माफी मागता येते. इनिशियल चुकलं तर बाप बदलतो."

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे समजावून सांगायला हवं. तुमच्याकडे आधी मुलाचं नाव, मग बापाचं, शेवटी आडनाव. इथे तमिळ मुलखात आडनाव नसतं. बापाच्या नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर पुढे लावायचं आणि मग स्वतःचं नाव. संपलं. बाप एका अक्षरात मावतो. आम्ही तंजावरकडचे मराठी, इथे शतकं काढलेले, आम्हीही तेच करतो. आमचं आडनाव काहीतरी होतं, ते माझ्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं. माझ्या वडिलांचं नाव मल्हारी, म्हणून मी एम. एकोजी. माझा मुलगा ई. मुरळी. त्यातलं ते ई म्हणजे मी.

मुरळी या नावाला तुम्ही हसाल. आमच्या खालच्या मजल्यावर पुण्याचा एक मुलगा राहतो, निखिल, मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. भिंतीवरच्या फोटोखालचं नाव वाचून तो चाचरत म्हणाला, "काका, मुरळी म्हणजे आमच्याकडे... म्हणजे खंडोबाची... आणि आजोबांचं नाव मल्हारी?" मी म्हटलं, ठाऊक आहे. माझी मराठी अर्धी घरातली आहे आणि अर्धी पोस्टानं मागवलेल्या पुस्तकांतली. तुमचा मुरली तमिळमध्ये येताना ळ घेऊन येतो. वाघ्या-मुरळीशी त्याचा संबंध नाही. ती बासरीच आहे. निखिलला हायसं वाटलेलं दिसलं. पहिल्या भेटीत त्यानं आमचं आडनावही विचारलं होतं आणि उत्तर ऐकून असा काही बघत राहिला की जणू मी चप्पल हरवल्याचं सांगितलं.

मुरळी शिकायला परदेशी गेला तेव्हा पासपोर्टात आडनावाची जागा भरावी लागली. मद्रासेतल्या सगळ्या मुलांचे बाप त्या जागी जातात, तसा मीही गेलो. इकडे मी त्याच्या पुढे एका अक्षरात उभा होतो, तिकडे त्याच्या मागे अख्खा जाऊन बसलो आणि तो स्वतः अक्षर झाला. मुरळी एकोजी. आडनावानं ओळखायची त्या देशाची पद्धत. म्हणजे एम. एकोजी. बरोबर माझं नाव. तेव्हा आम्हाला त्याची मजा वाटली होती.

तो फोनवर सांगे, "अप्पा, हिकडे अस्के मज एकोजी म्हणतात. कोणी हाक मारली की तुम्ही आलात काय म्हणून मी मागे बघतो." अस्के म्हणजे सगळे. हा शब्द तुमच्याकडे राहिला नाही.

पूल बांधायचं शिक्षण घेऊन तो तिथेच राहिला, तिथला नागरिक झाला, आणि मग एके दिवशी सांगितलं की तिथल्या सैन्यात अधिकारी होतो आहे. पूल बांधणाऱ्या तुकडीत. गोळ्या दुसरे लोक झाडतात, म्हणाला.

मी त्याला म्हटलं, "ते सैन्य आपलं नव्हे."

"अप्पा, आपण तंजावरास कसे आलो?"

 आम्ही दुसऱ्याच्या मुलखात सैन्याबरोबर आलो आणि परत गेलोच नाही. त्या सैन्याच्या पुढे घोड्यावर जो होता त्याचंच नाव माझ्या वडिलांनी मला ठेवलं आहे. त्या नावाच्या माणसानं परक्या सैन्याबद्दल उपदेश करायचा म्हणजे कठीणच. वाचनाचा हा एक तोटा आहे, मुलंही वाचू लागतात.

प्रशिक्षणाच्या दिवसांत तो म्हणाला, "तुम्हांस रोज शिव्या पडतात, अप्पा. सकाळी उठल्यापासून. एकोजी, पाय उचल. एकोजी, झोपलास काय."

शेजारून कमला म्हणाली, "म्हणजे तो माणूस यांस ओळखतो."

नंतर कळलं की बिनतारी संदेशात इंग्रजी ई या अक्षराला 'एको' म्हणतात, म्हणून तिकडचे सोबती त्याला एकोच म्हणू लागले आहेत. प्रतिध्वनीला इंग्रजीत तोच शब्द. मी कमलाला म्हटलं, बघ, माझा प्रतिध्वनी. ती म्हणाली, तुमचा असता तर एवढा लांब पोचला नसता.

तो ज्या देशात मेला त्या देशाचं आणि ज्या देशासाठी मेला त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. दोघांशीही आमचं भांडण नव्हतं. त्यानं बांधलेला पूल नदीवर उभा राहिला. परतताना रस्त्यात सुरुंग होता. हे एवढंच आम्हाला सांगण्यात आलं आणि मी त्यावर विश्वास ठेवतो.

बुधवारी बातमी छापून आली. माझ्याच वर्तमानपत्रात, पहिल्या पानावर खाली. फोटो मिळाला नव्हता. चेन्नईचे एम. एकोजी परदेशी युद्धात ठार. नावाला इनिशियल होतं आणि ते बरोबर होतं. सारथी सारांची शिस्त ते निवृत्त झाल्यावरही टिकली होती.

त्या दिवशी लोक येत राहिले ते कमलाचं सांत्वन करायला, नवरा गेला म्हणून. दार मी उघडत होतो. काही जण दारातच दचकले. बँकेतल्या एका गृहस्थांनी माझा हात धरून तो गरम आहे का ते पाहिलं.

दुपारी वरदन सार आले. त्यांची ओळख करून देतो. अड्यारचे निवृत्त मुख्याध्यापक. स्वतःच्या निधनाची जाहिरात त्यांनी स्वतः लिहून ठेवली होती आणि दरवर्षी पोंगलनंतर ती घेऊन ते माझ्या खिडकीशी येत. आगाऊ जाहिरात घेण्याची सोय आमच्याकडे नव्हती. ते त्यांना माहीत होतं. मी ती वाचावी एवढंच त्यांना हवं असे. पहिल्या वर्षी तीत विशेषणंच विशेषणं होती. मग मुलाशी बिनसलं तेव्हा "वत्सल पिता" गेलं. शाळेनं शताब्दीला बोलावलं नाही तेव्हा "आदर्श शिक्षक" गेलं. देवळाच्या विश्वस्तांशी वाद झाला आणि "भक्त" गेलं. मी निवृत्त झालो तोवर नाव, वय आणि एक स्वल्पविराम उरला होता आणि त्या वर्षी त्यांनी मला विचारलं होतं, "एकोजी, हा स्वल्पविराम लागतोच का?"

ते हातात हार घेऊन आले होते. मला बघून उंबऱ्यातच थांबले.

"तुम्ही गेलात असं वाचलं," ते म्हणाले.

"मी नाही सार. मुलगा गेला."

"पण एम. एकोजी."

"तिकडे तोही एम. एकोजी."

ते बराच वेळ हार धरून उभे राहिले. मला घालता येत नव्हता आणि मुरळीचा फोटो अजून भिंतीवर लागला नव्हता. शेवटी कमलानं तो त्यांच्या हातातून घेतला आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला. जाताना वरदन सार म्हणाले, "हार घेऊन मी यायला नको होतं. मी त्याच्याआधी जायला हवं होतं." त्यांच्या जाहिरातीत हे वाक्य असतं तर मी ते गाळू दिलं नसतं.

संध्याकाळी सारथी सारांचा फोन आला. आवाज म्हातारा झाला होता.

"एकोजी, दुरुस्ती छापायला सांगू का? कचेरीतली मुलं मला विचारतात. पण दुरुस्ती काय लिहायची? नाव बरोबर आहे, इनिशियल बरोबर आहे. माणूस चुकला आहे. त्यासाठी आपल्याकडे नमुना नाही."

मी म्हटलं, राहू द्या.

"इतकी वर्षं मी तुम्हाला सांगितलं, इनिशियल बघा," ते म्हणाले. ज्या माणसाला मी कधी डोळे पुसताना पाहिलं नव्हतं तो फोनवर रडत होता, आणि मी सवयीनं इकडेतिकडे पाण्याचा पेला शोधत होतो.

अंत्यविधीला त्या देशाच्या सरकारानं आम्हाला नेलं. सगळं व्यवस्थित होतं, माणसं सभ्य होती. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. तुकडीचे मोठे अधिकारी उठून बोलले. एकोजी कधी उशिरा आला नाही. एकोजीनं स्वतःचं जेवण दुसऱ्यांना दिलं. एकोजीला गाता येत नसे पण तो गात असे. एकोजीला आम्ही विसरणार नाही. माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी बोललं नव्हतं. निवृत्तीच्या समारंभातसुद्धा मला एक घड्याळ आणि दोन वाक्यं मिळाली होती.

कमला माझ्याकडे झुकून म्हणाली, "कोणाविषयी बोलत आहेत हो? तुम्ही कधी वेळेवर आला?"

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "एकानेही मुरळी म्हटले नाही."

ते खरं होतं. एवढ्या माणसांत त्याचं नाव कोणी घेतलं नाही. दुष्टपणा नव्हता. त्यांना ते नावच माहीत नव्हतं.

त्याची राख आम्ही इकडे आणून कावेरीत सोडली. त्याच्या तुकडीच्या गावी एक दगडी भिंत आहे, तिच्यावर मेलेल्यांची नावं कोरतात. वर्षभरात त्याचंही कोरलं जाणार होतं. परतीच्या विमानात कमलानं एवढंच सांगितलं, "मज बाकी कायही नको. त्या भिंतीवर त्याचे नाव घाला. तुमचे नको. तुम्ही जिवंत आहात."

मग मी त्या भिंतीचं काम बघणाऱ्या बाईंशी बोललो. संगणकावर समोरासमोर. त्या माझ्यासारख्याच होत्या. शांत, नीटनेटक्या, समोरच्याला बोलू देणाऱ्या. मला वाटतं, त्यांच्या टेबलावरही पाण्याचा पेला असावा.

"भिंतीवर आडनाव आणि आद्याक्षर, एवढंच येतं," त्या म्हणाल्या. "जनरल असो की साधा शिपाई. नियम सगळ्यांना सारखा."

"नियम चांगला आहे," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. "पण एकोजी हे त्याचं आडनाव नाही."

"मग कोणाचं आहे?"

"माझं."

"म्हणजे तुमच्या कुटुंबाचं."

"नाही. फक्त माझं. माझ्या वडिलांचं नाव मल्हारी."

त्यांनी ते लिहून घेतलं. "मग कुटुंबाचं आडनाव मल्हारी?"

"नाही. ते फक्त त्यांचं."

"मिस्टर एकोजी," त्या हळू म्हणाल्या, "तुमच्या घरात आडनाव कोणाकडे आहे?"

"कोणाकडेच नाही."

मी त्यांना सुचवलं, मुरळी ई. असं कोरा. किंवा कंस घाला. आम्ही वर्तमानपत्रात घालायचो. आणि मी त्यांना रामलिंगमची गोष्ट सांगितली.

मैलापूरच्या देवळाच्या तळ्याजवळ भाजलेले वाटाणे विकणारा एक माणूस वारला. त्याची बायको माझ्या खिडकीशी आली. दाखल्यावर नाव एस. रामलिंगम. मी तसं लिहिलं. ती बरोबरच्या मुलीकडून ते वाचून घेऊन म्हणाली, हे कोण? बाजारात अस्के त्याला पट्टाणी म्हणत. पट्टाणी म्हणजे वाटाणा. "रामलिंगम छापाल तर त्याला पोचवायला कोण येणार, सार? कोणीतरी नवाच माणूस मेला म्हणतील." दाखल्यावर नसलेलं नाव छापायचं नाही, हा नियम. मी सारथी सारांकडे गेलो. ते म्हणाले, कंस घाला, कंसाला दाखला लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्या प्रेतयात्रेमागे सगळा बाजार होता असं ती स्वतः येऊन सांगून गेली, आणि माझ्यासमोर वाटाण्याची पुडी ठेवली.

त्या बाईंनी गोष्ट मधे न तोडता ऐकली. मग म्हणाल्या, "आमच्या भिंतीवर कंस नाहीत. पण तुम्ही जे सांगितलंत, त्यासाठीच मला एकोजी ठेवायला हवं. त्याच्याबरोबरची मुलं इथे येतात. बोटानं नावं शोधतात. मुरळी कोण हे त्यांना ठाऊक नाही. ती एकोजी शोधतील, आणि त्यांना तो सापडणार नाही."

माझ्याच गोष्टीनं मी हरलो. वाटाणेवालीची बाजू मी मांडली होती आणि त्या बाईंना ती पटली होती. तिकडे एकोजी हाच त्याचा पट्टाणी होता. मी त्यांचे आभार मानले आणि संगणक बंद केला.

कमला मागे उभी होती. तिला इंग्रजी कळतं.

"त्यांचे म्हणणे बरोबर आहे," मी म्हटलं.

"असणारच," ती म्हणाली. "तुम्ही काउंटरच्या त्या बाजूचे."

त्यानंतर भिंतीचा विषय ती काढेना. वर्ष झालं तेव्हा मी आमच्या वर्तमानपत्रात स्मरणाची जाहिरात दिली. काउंटरवरच्या मुलीनं नियमाप्रमाणे मला दाखला मागितला. मी दाखवला. त्यावर नाव एम. एकोजी. ती माझ्याकडे, मग दाखल्याकडे, मग मजकुराकडे पाहू लागली. मजकुरात ई. मुरळी होतं. मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सार, मला वर विचारावं लागेल." मला फार बरं वाटलं. तसंच विचारायला हवं होतं.

गेल्या मार्गळीत, म्हणजे तुमच्या मार्गशीर्षाच्या सुमारास, संगीताच्या हंगामाच्या गर्दीत, मैलापूरच्या गल्लीत एक उंच गोरा माणूस एकोजीचं घर विचारत फिरत होता. लोकांनी त्याला सरळ आमच्याकडे धाडलं, मला सगळे ओळखतात. निखिल त्याला वर घेऊन आला. तो मुरळीच्या तुकडीतला सार्जंट होता. नाव ओवेन. सुट्टी काढून स्वतःच्या खर्चानं आला होता. दारातून त्यानं विचारलं, "एकोजी?" आणि मी "ओ" म्हटलं, तेव्हा तो एक पाऊल मागे सरला. त्यानं विचारलं होतं ते त्याच्या एकोजीबद्दल.

त्याला बसवलं. कमलानं डोसे केले. बरोबर डाळ-मिरचीची पूड, तेल घालून. पूड दिसताच त्याचा चेहरा उजळला.

"ही एकोची पूड," तो म्हणाला. "डब्यातल्या मांसावर घालायचा, अंड्यावर घालायचा. आम्हाला सगळ्यांना सवय लावली. संपली की आम्ही त्याला सांगायचो, आईला फोन कर."

कमला म्हणाली, "म्हणून तो इतकी मागवत असे. मज वाटले, पोटाचे काही झाले आहे."

मी भाषांतर केलं. तो हसला, मग त्याला हसू आवरेना, मग तो ताटाकडे बघत बसला.

कमलानं त्याला आणखी एक डोसा वाढला आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तू भिंत पाहिलीस?"

"दर वर्षी जातो. आम्ही सगळे जातो. एकोला हात लावतो."

"तो एको नव्हे. ते हे आहेत," तिनं माझ्याकडे बोट केलं. "त्याचे नाव मुरळी."

"मुरली," ओवेन म्हणाला.

"ली नव्हे. ळी. जीभ मागे घे. ळी."

"मुरडी."

"डी नव्हे."

निखिल दाराशी उभा राहून हे बघत होता. तो म्हणाला, "काकू, त्याला जमणार नाही. दिल्लीच्या लोकांनाही येत नाही." कमलानं त्याच्याकडे पाहिलं आणि तो खाली निघून गेला.

डोसा गार झाला. ओवेन शाळेतल्या मुलासारखा ताठ बसून म्हणत राहिला. कमला समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत होती, जीभ कुठे लागते ते दाखवत होती. शेवटी एकदा ते आलं. अगदी ळ नव्हे, पण ल आणि ड यांच्यामधलं, ज्याला त्या दोहोंपैकी काहीच म्हणता येणार नाही असं.

"अजून एकदा," कमला म्हणाली.

तो म्हणाला.

ती उठली आणि त्याच्यासाठी पूड बांधायला आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आतून डब्यांचा आवाज येत होता.  मग ओवेननं मला हळूच विचारलं, आता भिंतीशी गेल्यावर काय म्हणायचं. मी म्हटलं, हात एकोजीला लावा, तोंडानं दुसरं म्हणा. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कोणाला सुचवलेला हा सर्वांत चांगला मजकूर असावा.

यंदाच्या स्मरणाच्या जाहिरातीचा मजकूर मी नेहमीप्रमाणे लिहून कमलाला वाचायला दिला. तिनं वाचला, परत दिला आणि म्हणाली, "कंसात एकोजी घाला."

"तू नको म्हणत होतीस."

"घाला. तो पोर इतक्या दुरून शोधत आला. अजून कोणी येईल."

वरदन सार अजून आहेत. भेटले की विचारतात, माझी केव्हा छापणार. माझी एकदा छापून आली आहे, त्यामुळे मला घाई नाही.

तिकडच्या भिंतीवर एम. एकोजी हे नाव आहे. मैलापुरातल्या आमच्या दारावरही तेच आहे. ई. मुरळी हे नाव वर्षातून एकदा वर्तमानपत्रात येतं. मजकूर मी लिहितो. इनिशियल कमला तपासते.